रिकामी जागा कुणाची?

डिजिटल पियानो टेबलावर ठेवत काका म्हणाले, "पट्टीखाली नाणं गेलं होतं. काढायला म्हणून उघडला आणि स्क्रूड्रायव्हर घसरला." बोर्डवर ओरखडा दिसल्यावर त्यांनी घाबरून अ‍ॅडॅप्टर लावलाच नव्हता. "बरं केलंत," मी सवयीने म्हणालो. किती बरं केलं होतं, ते मला तासाभराने कळलं.

बोर्ड भिंगाखाली घेतला. 12 व्होल्टचे 3.3 करणारा सहा पायांचा चिमुकला आयसी, शेजारी कॉइल आणि तिथेच ओरखडा. पण रिकाम्या जागा दोन होत्या, एकमेकींना खेटून. बोर्ड इतका दाटीचा की पार्टचे नंबरही छापलेले नाहीत.

एका जागेवरचं सोल्डर गुळगुळीत, फुगीर. तिथे कारखान्यातच काही बसवलं नव्हतं; असं पुष्कळ बोर्डांवर असतं. दुसऱ्या जागेवरचं मात्र खरबरीत, फाटल्यासारखं, आणि एका पॅडला, म्हणजे पार्ट डागायच्या धातूच्या ठिपक्याला, पार्टच्या टोकाचा चकचकीत कपचा चिकटलेला. उडालेला पार्ट इथलाच.

मला वाटलं, व्होल्टेज स्थिर ठेवणारा कपॅसिटर. आउटपुटपाशी त्याची भावंडं रांगेने बसलेलीच होती. त्यातला एखादा गेला तरी यंत्र बहुतेकदा चालतं, आणि खरं सांगायचं तर कामाच्या गर्दीत अशी जागा तशीच सोडण्याचा मोह होतो. अ‍ॅडॅप्टर हातात घेतलाही होता. पण कपॅसिटर असेल तर एक पॅड ग्राउंडला, म्हणजे सर्किटच्या शून्य व्होल्टच्या बाजूला, लागायला हवा, तेवढं तरी बघू म्हणून मल्टिमीटर लावला; जोडणी असली की तो वाजतो. बीप नाही. दुसरा पॅड? तोही गप्प.

मग एक पॅड 3.3 च्या लाइनवर वाजला, दुसरा आयसीच्या एका पायावर. तो पाय कसला, हे कळायला डेटाशीट, म्हणजे आयसीचा माहितीकागद, हवी, आणि सगळ्यात जास्त वेळ तिथेच गेला. एवढ्याशा आयसीवर पूर्ण नाव मावत नाही, नुसता कोड असतो, आणि एकच कोड दोन वेगळ्या आयसींवरही सापडतो. पायांची मांडणी जुळली तेव्हाच विश्वास ठेवला. तो फीडबॅकचा पाय होता.

अ‍ॅडॅप्टर मी हळूच लांब सरकवला.

आउटपुटचा ठरावीक हिस्सा दोन रेझिस्टरांतून (वरचा आउटपुटपासून या पायापर्यंत, खालचा इथून ग्राउंडपर्यंत) या पायावर येतो आणि तो बघून आयसी आउटपुट सांभाळतो. इथे उडालेला होता तो वरचा. तो नसला की खालचा या पायाला ग्राउंडवर ओढून धरतो. आयसीला वाटतं आउटपुट शून्यच आहे, आणि तो पूर्ण जोर लावतो. 3.3 च्या लाइनवर 12 च्या आसपास व्होल्टेज! प्रोसेसर, मेमरी, काहीच उरलं नसतं.

हिशोब तसा सोपा निघाला. फीडबॅकचं ठरलेलं व्होल्टेज 0.6. खालच्या रेझिस्टरवर छापलेला कोड '01सी', म्हणजे 10 किलोओहम. मीटरही तेच म्हणाला. 3.3 भागिले 0.6 म्हणजे 5.5, त्यातून एक वजा, राहिले 4.5. वरचा हवा खालच्याच्या साडेचारपट, 45 किलोओहमचा. खणात नव्हता. मग 47 किलोओहमच्या पाठीवर, म्हणजे समांतर, 1 मेगाओहमचा चढवून डागला. दोघांचे मिळून 44.9.

तरी धीर होईना. पुढच्या सर्किटकडे वीज नेणारा फेराइट बीड हा छोटा पार्ट उचलून ते सर्किट सुटं केलं, आउटपुटला 33 ओहमचा लोड दिला आणि करंटला मर्यादा घालून 12 व्होल्ट सोडले. मीटरवर 3.29. बीड परत बसवला, आणि पियानो वाजला.

पट्ट्या बसवताना खाली नाणं सापडलं, आणि त्याच्याशेजारी मोहरीहून लहान काळा ठिपका. भिंगाखाली धरला: '64सी'. म्हणजे 45.3 किलोओहम. एक टोक तुटलेलं, परत लावण्याजोगा नव्हता. काकांनी तो नाण्याबरोबर कागदाच्या पुडीत बांधून नेला.