भिंतीतल्या माश्यांचा डिंक

जांबोटीच्या पुढे, कणकुंबीच्या रस्त्याला आमचं जुनं घर आहे. न्हाणीच्या वरच्या मातीच्या भिंतीतून करंगळीएवढी मेणाची नळी बाहेर आलेली आहे. मला कळतं तेव्हापासून ती तिथंच आहे. तिच्यातून तिळाहून जरा मोठ्या, काळ्या, नांगी नसलेल्या माश्या ये-जा करतात. शिरसीकडे यांना मिसरी जेनु म्हणतात, आईच्या तोंडी नुसत्या 'बारक्या माश्या'. आई म्हणायची, "मध घे हवा तर, खरं त्या चिकाला हात लावू नको. त्यावर त्यांचं घर उभं हाय."

गेल्या मे महिन्यात भिंत लिंपायला काढली आणि पोळ्याचा एक कोपरा उघडा पडला. मी बेळगावात रसायनशास्त्र शिकवतो, त्यामुळे राहवलं नाही. सुपारीएवढा काळपट चिकट गोळा डबीत घालून आणला. प्रोपोलिस, म्हणजे माश्यांनी झाडांचा चीक, राळ गोळा करून त्यात मेण कालवून केलेला डिंक. उन्हात हाताला चिकटतो, फ्रिजमध्ये ठेवला की खडीसाखरेसारखा तुटतो. गार करून कुटला, सत्तर टक्के अल्कोहोलमध्ये दोन आठवडे अंधारात ठेवला, गाळला. पाण्यात तो फारसा उतरत नाही. कामाची फिनॉल जातीची द्रव्यं अल्कोहोलमध्ये उतरतात आणि मेण बऱ्यापैकी मागे राहतं.

बाबांच्या टाचांना भेगा होत्या. प्रोपोलिसने जखमा भरतात असं इतकं वाचलं होतं की मी थेंब थेंब लावला. तिसऱ्या दिवशी टाच लाल होऊन फोड आले. बाबा काही बोलले नाहीत, आई मात्र बोलली, "आंब्याचा चीक उठतो त्यांना, ठाऊक न्हाई तुला?"

ठाऊक होतं. आंबे उतरवायच्या दिवसांत बाबांचा हात दरवर्षी सुजतो. पण या गोष्टीशी त्याचा संबंध मी लावला नव्हता. परसात जाऊन पाहिलं तर पावसाळ्याआधी तोडलेल्या आंब्याच्या फांदीच्या जखमेवर माश्या बसलेल्या, मागच्या पायांवर चकचकीत गोळ्या घेऊन उडत होत्या.

आंबा, काजू, बिब्बा ही एकाच कुळातली झाडं. आंब्याच्या चिकात लांब कार्बन साखळी लागलेली रिसॉर्सिनॉल जातीची फिनॉलं असतात. काजूच्या टरफलातलं तेल आणि अंगावर उठणारा बिब्बा यांचीच ती भावंडं. ही साखळीची शेपूट तेलकट असल्यामुळे ती कातडीत सहज शिरतात. थायलंड-इंडोनेशियातल्या प्रोपोलिसमध्ये आंब्याची हीच फिनॉलं सापडलेली आहेत. आमच्या डबीतल्या गोळ्याची तपासणी मी केलेली नाही, पण जखमेवरच्या माश्या आणि बाबांची टाच पाहिल्यावर मला शंका उरली नाही.

म्हणून हे लिहितोय. प्रोपोलिस हे एका पदार्थाचं नाव नाही. युरोपातल्या माश्या पॉप्लरच्या कळ्यांवरची राळ आणतात, त्यात पिनोसेम्ब्रिन, गॅलँजिन, क्रायसिन ही फ्लॅव्होनॉइडं आणि कॅफिक आम्लाचा फेनेथिल एस्टर असतो. ब्राझीलचं हिरवं प्रोपोलिस बॅकॅरिस नावाच्या झुडपाचं, त्यात आर्टेपिलिन सी नावाचं वेगळंच द्रव्य. आपल्या खानापूर तालुक्यात ना पॉप्लर, ना बॅकॅरिस. आपल्याकडे आंबा, फणस, काजू आणि रानातली राळेची झाडं. परदेशी संशोधनाचे आकडे बाटलीवर छापून विकायचे आणि आत कुठल्या झाडाचा चीक आहे ते सांगायचं नाही, हे मला अजिबात पटत नाही. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१० मध्ये प्रोपोलिसचे आरोग्यदावे नाकारले, त्यातलं एक कारण हेच, की पदार्थ नेमका काय हेच ठरलेलं नव्हतं.

गुण नाहीत असं मी म्हणत नाही. प्रयोगशाळेत स्टॅफिलोकॉकससारख्या ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणूंना ते रोखतं. ई. कोलायसारख्यांना बाहेरचा जादा पडदा असतो, त्यामुळे त्यांच्यावर जोर कमी चालतो. तोंड येणं, ओठावरची नागीण यावर माणसांत झालेले अभ्यास आशादायक आहेत, पण लहान आहेत. दमेकऱ्यांनी आणि मधमाशीच्या वस्तूंची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. रंग दिलेल्या पेटीतून खरवडलेलं तर घेऊच नये, रंगातलं शिसं त्यात येऊ शकतं.

मला खरं कौतुक आहे ते माश्यांचं. माझ्या चार पेट्या सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी पाळीव मधमाशीच्या, त्यांत हा डिंक जवळजवळ दिसत नाही. शेजारच्या दादांकडच्या मेलिफेराच्या, म्हणजे युरोपीय मधमाशीच्या पेटीत चौकटी अशा चिकटतात की पट्टी घालून उचकटाव्या लागतात. त्याच पेटीत एकदा मेलेली पाल सापडली, बाहेर ओढता येईना म्हणून माश्यांनी ती डिंकात पुरी लपेटली होती. वास नाही, कूज नाही. फुलोरी माशी शेवग्याच्या फांदीला पोळं लावते तेव्हा दोन्ही बाजूंना चिकट कडं ओढते, मुंग्या येऊ नयेत म्हणून. २००९ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठातल्या मार्ला स्पिवाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेट्या आतून राळेच्या अर्काने रंगवून पाहिल्या. त्या पेट्यांत जिवाणू कमी होते, आणि माश्यांच्या शरीरातल्या रोगप्रतिकाराच्या यंत्रणेलाही कमी राबावं लागत होतं. म्हणजे औषध प्यायचं नाही, घराच्या भिंतींनाच लिंपायचं.

बाबांची टाच दोन आठवड्यांत बरी झाली. भिंत लिंपताना गवंड्याला नळीभोवती वीतभर जागा सोडायला सांगितली. उघडा पडलेला कोपरा माश्यांनी आठ दिवसांत आतून बुजवला. उरलेल्या बाटलीवर मी चिठ्ठी लावली आहे: आंबा, परस, मे. आता आंब्याची जखम सुकली आहे आणि माश्या फणसाच्या खोडाकडे जाताना दिसतात.