बोकड नजरेवर विकायचा नाही

शेळी म्हणजे गरिबाची गाय, हे ऐकून कान किटले. प्रत्येक शिबिरात कुणीतरी साहेब म्हणतातच. अहो, गाईचं दूध डेअरीत मापून जातं, फॅट लागते, बिल खात्यावर येतं. शेळीला असलं काहीच नाही. म्हणून आमच्या माण तालुक्यात घरोघरी शेळ्या असूनही बाईच्या हातात पैसा टिकत नव्हता.

हेडी, म्हणजे जनावरांचा व्यापारी, दारात येतो तो अडचण हेरूनच. शाळा उघडायच्या टायमाला, नाहीतर घरात कुणी दवाखान्यात असलं की. बोकडाच्या पाठीवरनं हात फिरवतो, कमरेपाशी दाबतो, "मावशी, अंगावर मटण कुठंय?" म्हणतो आणि पडेल भाव सांगतो. मी पशुसखीचं, म्हणजे गावातल्या जनावरांची काळजी बघायचं काम करते, पण मलाही नजरेनं वजन सांगता येत नाही. त्याला येतं, त्यावरच तर त्याचं पोट आहे.

मग वस्तीवरच्या आम्ही बायकांनी वर्गणी काढून टांगता काटा आणला. लिंबाच्या फांदीला काटा अडकवायचा, खताच्या पोत्याला चार भोकं पाडून त्यातनं बोकडाचे पाय काढायचे आणि पोतं टांगायचं. पहिल्यांदा बोकड असा काही बोंबलला की सगळी पोरं गोळा झाली. शेजारच्या आत्यांचा बोकड भरला 24 किलो. हेडी 6,000 वर अडून बसलेला. किलोला 350 धरले तरी 8,400 होतात. आत्यांनी आकडा एकदाच सांगितला आणि शेण काढायला निघून गेल्या. 8,000 ला सौदा झाला.

पण विकायला आधी बोकड जगला पाहिजे ना! करडं मरतात ती बहुतेक आपल्याच हातानं. शेळी व्याल्यावर वार (जाळ) पडल्याशिवाय करडाला चीक, म्हणजे पहिलं दूध, पाजायचा नाही, ही जुन्या बायकांची समजूत अजून गेली नाही. वार पडायला कधी कधी सहा-सहा तास लागतात, तोवर करडू गारठतं. कास पुसायची, पहिली धार जमिनीवर सोडायची आणि तासाभराच्या आत करडू तोंडाला लावायचं. चिकातच त्याची रोगाशी लढायची ताकद असते.

लसीची गोष्ट वेगळी. पीपीआर म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा साथीचा रोग, त्याची लस पावडर असते. द्रावणात मिसळली की बर्फावर ठेवून दोन तासांच्या आत संपवावी लागते. आमच्याकडे येते ती कुपी 100 शेळ्यांची. जिच्याकडे चारच शेळ्या, तिनं एकटीनं काय करावं? त्यामुळे सगळ्या वस्तीच्या शेळ्या एकाच सकाळी, चरायला सोडायच्या आधी टोचून घेतो. आंत्रविषाराची, म्हणजे आतड्यात विष होणाऱ्या रोगाची लस पावसाळ्याच्या तोंडावर, दरवर्षी. पाऊस पडला की कोवळं गवत बघून शेळी अधाशासारखी खाते आणि धडधाकट जनावर रातोरात जातं.

दहा शेळ्या आणि एक बोकडाची योजना घेऊ का, असं बायका विचारतात. अनुदान चांगलं आहे, नाही म्हणत नाही. पण जिला स्वतःचं रान नाही, तिनं एकदम अकरा तोंडांना चारा आणायचा कुठनं? मी म्हणते, उस्मानाबादी जातीच्या दोन चांगल्या पाटी (तरुण शेळ्या) घ्या, बांधावर चाऱ्याला शेवरी-सुबाभूळ लावा. शेळी पाच महिन्यांत विते, पुष्कळदा जुळं देते. गोठा वाढतो. पैदाशीचा बोकड मात्र आपल्याच गोठ्यातला ठेवू नका. दुसऱ्या गावाशी अदलाबदल करा, आणि ती करतानाही आधी काट्यावर घाला.