गोबीतून घरी फोन : उपग्रहाच्या वायफायवर बोलताना

मंगोलिया महाराष्ट्राच्या पाचपट मोठा आणि लोकसंख्या जेमतेम ३५ लाख. त्यातली जवळजवळ निम्मी माणसं एकट्या राजधानीत, उलानबातरमध्ये. उरलेल्या पसाऱ्यात केबल कोण टाकणार, आणि कुणासाठी? गोबीला निघताना म्हणूनच घरी सांगून ठेवलं होतं, की फोन आला तर आला. प्रत्यक्षात खोंगोरीन एल्सच्या वाळूच्या डोंगरांसमोर बसून आईशी जे बोलणं झालं, ते पुण्याहून मुंबईला लावलेल्या कित्येक कॉलपेक्षा स्वच्छ होतं. उपग्रहांवरून इंटरनेट पुरवणाऱ्या स्टारलिंकला मंगोलियात २०२३ मध्ये परवाना मिळाला, २०२४ मध्ये सेवा सुरू झाली आणि पर्यटकांच्या गेर-छावण्यांच्या आवारात तिच्या पांढऱ्या, चपट्या डिश दिसू लागल्या. गेर म्हणजे नमद्याचे, दाबलेल्या लोकरीचे गोल तंबू.

उलानबातर ते गोबीतलं दलानझादगाद हा साधारण साडेपाचशे किलोमीटरचा डांबरी रस्ता. रेंज येत-जात राहते. विमानतळावर पासपोर्ट दाखवून स्थानिक सिम घ्याच, कारण ‘सुम’च्या, म्हणजे तालुक्याच्या गावात मोबाईल इंटरनेट चालतं आणि ड्रायव्हर डिझेलसाठी तिथे थांबतोच. खरी पंचाईत त्यापुढे, कच्च्या वाटा सुरू झाल्यावर.

छावणी ठरवताना ‘वायफाय आहे का’ एवढंच विचारू नका. डिश कुठली आणि वीज किती वाजेपर्यंत, हे दोन प्रश्न विचारा. वाटेत एका ठिकाणी अजून जुन्या पद्धतीची डिश होती. तिचा उपग्रह सुमारे ३६ हजार किलोमीटरवर असतो. आपला आवाज वर जाऊन खाली यायलाच पाव सेकंद लागतो, उत्तर यायला आणखी पाव. ऐकायला किरकोळ वाटतं. पण दोघं एकदमच बोलू लागतात, एकदमच थांबतात, आणि ‘हां बोल, नाही तू बोल’ यातच कॉल संपतो. तिथे कॉलच्या भानगडीत न पडता व्हॉइस मेसेज पाठवावा, हे माझं स्पष्ट मत. स्टारलिंकचे उपग्रह साधारण ५५० किलोमीटरवरून फिरतात, त्यामुळे ही अडखळ जाणवत नाही. मात्र ते सतत सरकत असतात आणि डिशची जोडणी एकावरून दुसऱ्याकडे जात राहते. मध्येच क्षणभर आवाज तुटला तर लगेच कॉल कापू नका, बहुतेक वेळा तो परत येतो.

विजेचं म्हणाल, तर डिशला साधारण ५० ते १०० वॅट लागतात आणि छावणी चालते सौरपट्ट्यांवर नाहीतर जनरेटरवर. रात्री दिवे गेले की इंटरनेटही जातं. राउटर बहुधा जेवणाच्या गेरमध्ये असतो. आपल्या गेरमध्ये पडून बोलायचं स्वप्न सोडा.

वेळेचं गणित सगळ्यात महत्त्वाचं. मंगोलिया आपल्यापेक्षा अडीच तास पुढे आहे. रात्री जेवणानंतर अख्खी छावणी एका डिशवर तुटून पडते. कोणी व्हिडिओ कॉल लावतं, तर कोणाचा फोन दिवसभराचे फोटो गुपचूप वर चढवत बसतो. तेव्हा आवाजाचे तुकडे पडणारच. दुपारी एकला लावा: घरी साडेदहा वाजलेले असतात आणि छावणीतली बरीच मंडळी भटकायला गेलेली असतात. ही वेळ घरी आधीच सांगून ठेवा.

डेटा मोजून देणाऱ्या छावण्याही भेटतात. व्हॉट्सअ‍ॅपच्या साध्या कॉलला मिनिटाला साधारण अर्धा एमबी पुरतो, म्हणजे दहा मिनिटांना पाचेक एमबी. व्हिडिओला याच्या कितीतरी पट. सेटिंग्जमध्ये कॉलसाठी कमी डेटा वापरण्याचा पर्याय आहे, तो चालू करा. फोटोंचा बॅकअप आणि अ‍ॅपचे अपडेट बंद करा. कॉल स्वस्तात पडतो तो इथेच.

घरी लँडलाइनच वापरणारी आजी असेल, तर व्हॉट्सअ‍ॅप कामाचं नाही. पूर्वी स्काइपवर पैसे भरून थेट नंबर लावता यायचा. मे २०२५ मध्ये ते बंद झालं. व्हायबर आउटसारख्या सेवा आहेत, पण त्यात पैसे घरूनच भरून ठेवा. बँकेचा ओटीपी एसएमएसने येतो, आणि वाळवंटातल्या वायफायवर त्याची वाट पाहणं व्यर्थ. व्हॉट्सअ‍ॅपचा नंबर बदलण्याचे उद्योगही तिथे करू नका. आपल्या सिमवर वायफाय कॉलिंग असेल, तर परदेशातून त्याचा दर काय लागतो ते कंपनीला निघण्यापूर्वी विचारा, कारण बिल घरी आल्यावर वाद घालण्यात अर्थ नसतो.

भाड्याचा सॅटेलाइट फोन घ्यावा का? रोज घरी बोलण्यासाठी तर मुळीच नाही, मिनिटाचा दर पाहूनच बोलती बंद होते. छावण्या सोडून एकट्या गाडीने आडवाटेला जाणार असाल, तर संकटासाठी जवळ असावा. आधी गाइडकडे आहे का ते विचारा. पण तो बॅगेत टाकून मुंबईला उतरू नका. भारतात थुराया, इरिडियमचे फोन सरकारी परवानगीशिवाय बाळगता येत नाहीत, आणि उपग्रहावरून संदेश पाठवणारी छोटी गार्मिन यंत्रंही त्यात धरली जातात. डिसेंबर २०२४ मध्ये गोव्याच्या विमानतळावर अशाच यंत्रापायी एका कॅनेडियन महिलेला अडवलं होतं. भाड्याने घेतलेलं यंत्र उलानबातरमध्येच परत करा, आणि पावती जपून ठेवा.