इलेक्ट्रिक म्हणजे आधी काय होतं?

मी आयटीआयमध्ये वायरमन ट्रेड शिकवतो. त्यामुळे पोरं तर विचारतातच, पण लग्नकार्यात भेटलेले पाहुणेही विचारतात, "सर, हा इलेक्ट्रिक शब्द आला कुठून?" तुम्हीही विचारलंत, म्हणून जरा निवांत सांगतो. मला हा विषय फार जवळचा आहे.

ग्रीक भाषेत 'एलेक्ट्रॉन' म्हणजे अंबर. झाडाची राळ लाखो वर्षं जमिनीत पडून कडक होते, तो मधाच्या रंगाचा खडा. लोकरीवर घासला की काडीकचरा ओढून घेतो. संस्कृतात त्याला तृणमणी म्हणतात, फारसीत कहरुबा, म्हणजे गवत पळवणारा.

१६०० साली लंडनमधले डॉक्टर विल्यम गिल्बर्ट यांनी चुंबकावर लॅटिनमध्ये मोठा ग्रंथ लिहिला. तोवर चुंबक आणि अंबर यांची ओढ एकाच जातीची असं बरेच जण धरून चालत. गिल्बर्टनी ती वेगळी केली. चुंबक लोखंडासारखं ठरावीकच ओढतो, अंबराला काहीही हलकं चालतं. टोकावर तोललेली धातूची सुई घेऊन त्यांनी एकेक वस्तू घासून तपासली. काच, गंधक, हिरा, लाखेची कांडी यांनी सुई वळवली. मोती, पोवळं, हस्तिदंत, सोनं, चांदी यांनी नाही. जे अंबरासारखं वागतं ते 'इलेक्ट्रिकस'. आपला शब्द इथून सुरू झाला.

ही सुई आम्ही वर्गात करतो. ॲल्युमिनियम फॉइलची पट्टी मधोमध वाकवून टाचणीवर तोलायची आणि केसांवर घासलेला प्लॅस्टिकचा कंगवा जवळ न्यायचा. डिसेंबरात पट्टी झटकन वळते. जुलैत ढिम्म हलत नाही. दमट हवेत हा गुण मरतो, हे गिल्बर्टनीही लिहून ठेवलंय.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. १७२९ मध्ये इंग्लंडमध्येच स्टीफन ग्रे यांनी घासलेल्या काचनळीचा गुण लांबलचक दोरीतून पुढे पाठवून पाहिला. दोरी रेशमाच्या धाग्यांवर टांगली होती. टोकाचा हस्तिदंती गोळा पिसं ओढू लागला. दोरी आणखी लांबवली तेव्हा वजनानं रेशीम तुटलं. मग बारीक पितळी तार लावली, आणि खेळ खलास! दोरीतला भार, म्हणजे घासून आलेली वीज, तारेवाटे निघून गेला. आज आपण म्हणू, 'अर्थ' झाला, म्हणजे जमिनीत उतरला. धागा किती बारीक आहे याला महत्त्व नव्हतं, तो कशाचा आहे याला होतं.

म्हणजे त्या काळी 'इलेक्ट्रिक' कोण? रेशीम, काच, राळ. तांबं-पितळ 'नॉन-इलेक्ट्रिक'! त्या हिशेबानं आजच्या इलेक्ट्रिकच्या दुकानात वायरवरचं लाल-काळं पीव्हीसी, बेकेलाइटचा होल्डर आणि इन्सुलेशन टेप तेवढे इलेक्ट्रिक. १८०० मध्ये इटालियन शास्त्रज्ञ व्होल्टांची बॅटरी आली, तारेतून सतत करंट मिळू लागला, तसं सगळ्यांचं लक्ष तारेकडे गेलं आणि शब्दही तिकडेच सरकला. पुढे तो शेगडीला, मोटारीला, आता स्कूटरला चिकटला. प्रत्यक्ष वीज गेली की मात्र आपण "लाईट गेली"च म्हणतो.

पोरं इथे हमखास अडवतात, "सर, मग सोनं-चांदी घासून काहीच का झालं नाही?" झालं होतं. धातूवरही भार येतो, पण तो हातातून, अंगातून जमिनीत उतरतो. वाटत नसेल तर कोरड्या दिवशी तांब्याची पट्टी पीव्हीसी पाइपच्या तुकड्यात घट्ट बसवा, पाइपला धरून रेशमानं चांगली घासा आणि फॉइलच्या पट्टीजवळ न्या. तांब्याला बोट तेवढं लावू नका.