चार मेगाज्यूल पुरवायचे कसे?

२०२६ च्या फॉर्म्युला वन गाड्यांबद्दल एकच वाक्य सगळीकडे ऐकू येतं: निम्मी ताकद इंधनाची, निम्मी विजेची. ढोबळमानाने खरं आहे. १.६ लिटरचं व्ही६ टर्बो इंजिन पूर्वी साडेपाचशे किलोवॉटच्या आसपास द्यायचं, आता सुमारे ४०० देतं. इलेक्ट्रिक मोटर १२० वरून थेट ३५० वर गेली. पण किलोवॉट म्हणजे नुसती नळाची धार. टाकीत पाणी किती, ते मेगाज्यूलमध्ये कळतं, आणि खरी गोम तिथेच आहे.

बॅटरीच्या एका भरणीतून जास्तीत जास्त ४ मेगाज्यूल वापरता येतात. ३५० किलोवॉटने काढले तर साडेअकरा सेकंदांत खेळ खलास. लॅप साधारण दीड मिनिटाची आणि त्यातला निम्म्याहून जास्त वेळ थ्रॉटल (ॲक्सिलरेटर) पूर्ण दाबलेला. म्हणजे प्रत्येक लॅपमध्ये बॅटरी पुन्हा पुन्हा भरायला हवी. नियमात त्याची कमाल मर्यादा लॅपला ८.५ मेगाज्यूल आहे.

ब्रेक दाबल्यावर मोटर जनरेटर बनते, तेव्हा ब्रेकिंगमधून भरेल की, असं वाटतं. हिशोब करून बघा. ताशी ३४० किलोमीटरवरून ८० वर येताना ब्रेक जेमतेम अडीच सेकंद दाबलेला असतो. तेवढा वेळ मोटरने पूर्ण ३५० किलोवॉटने ऊर्जा खेचली तरी ०.९ मेगाज्यूलसुद्धा हाती लागत नाही. इटलीतल्या मोंझा ट्रॅकवर तर असे मोठे ब्रेकिंगचे टप्पे मोजकेच. मग उरलेलं इंजिनाकडून उकळायचं: ड्रायव्हरचा पाय थ्रॉटलवर पूर्ण, पण सरळ रस्त्याच्या शेवटाकडे मोटर जनरेटर बनते आणि इंजिनाची ताकद बॅटरीत वळवते. याला सुपर क्लिपिंग म्हणतात. पाय दाबलेला असूनही गाडीचा वेग उतरतो, हे टीव्हीवर बघताना चमत्कारिक वाटतं.

२०१४ ते २०२५ या काळात ही तूट एमजीयू-एच भरून काढायचा. तो टर्बोच्या शाफ्टवर बसून एक्झॉस्टमधून वीज काढायचा आणि टर्बोला फिरतंही ठेवायचा. महाग, किचकट आणि रस्त्यावरच्या गाड्यांना फारसा उपयोगी नाही म्हणून तो काढला. नवे उत्पादक यावेत हाही हेतू होता: ऑडी आली, रेड बुलसोबत फोर्ड आली (रेनॉनं मात्र इंजिनं बनवणं सोडलं). किंमत म्हणून टर्बो लॅग, म्हणजे टर्बो वेग घेईपर्यंत ताकद मिळायला होणारा उशीर, परतला. शर्यत सुटण्यापूर्वी काही सेकंद आरपीएम चढवून बूस्ट (टर्बोचा हवेचा दाब) तयार ठेवावा लागतो. तो कमी पडला तर क्लच सोडताच गाडी गळपटते.

माझी खरी तक्रार पुढच्या चाकांबद्दल आहे. ब्रेक मारताना भार पुढे येतो, त्यामुळे सर्वात जास्त ऊर्जा तिथेच असते, पण फॉर्म्युला वन ती फक्त मागच्या ॲक्सलवरून गोळा करते. पुढची सगळी कार्बन डिस्कमध्ये उष्णता होऊन जाते. फॉर्म्युला ई या इलेक्ट्रिक गाड्यांच्या मालिकेतल्या जेन३ गाडीत पुढे २५०, मागे ३५०, असं मिळून ६०० किलोवॉटचं रीजन (ब्रेकिंगमधून ऊर्जा परत मिळवणं) आहे. आपली मुंबईची महिंद्रा तिथे २०१४ च्या पहिल्या मोसमापासून आहे.

मागूनच ओढायचं तर आणखी एक घोळ होतो. ब्रेकिंगच्या मध्येच बॅटरी भरली की मोटरची ओढ थांबते, आणि ब्रेक-बाय-वायरला (मागच्या ब्रेकचा दाब संगणकाने ठरवणाऱ्या यंत्रणेला) त्याच क्षणी मागच्या कॅलिपरचा दाब वाढवावा लागतो. उशीर झाला तर सगळा भार पुढच्या ब्रेकवर येऊन पुढची चाकं लॉक होतात. घाई झाली तर मागची लॉक होऊन गाडी फिरते.

इंधन १०० टक्के शाश्वत झालंय, तो भाग मला पटतो. इंधनाच्या प्रवाहावर आता किलोऐवजी ऊर्जेची मर्यादा आहे: ताशी ३००० मेगाज्यूल. ज्याच्या इंधनात किलोमागे ऊर्जा जास्त, त्याची गाडी सुटताना हलकी.

मोटर शर्यतींची जागतिक संघटना असलेल्या एफआयएचे अध्यक्ष मोहम्मद बिन सुलायेम यांनी २०२५ मध्ये आधी दहा सिलिंडरचं व्ही१०, मग आठ सिलिंडरचं व्ही८ इंजिन परत आणण्याचा विषय काढला. आवाजाच्या प्रेमापोटी हे बोलणं सोपं आहे, पण गणितही त्याच बाजूला झुकतं. मोटर २०० किलोवॉटवर आणा, तेच ४ मेगाज्यूल वीस सेकंद पुरतील. कमी पडणारे दीडशे किलोवॉट मोठं इंजिन त्याच शाश्वत इंधनावर देईल, आणि सुपर क्लिपिंगची गरज बऱ्याच ट्रॅकवर उरणार नाही.