घेवड्याच्या आलेखातला रात्रीचा खड्डा : कारण सापडलं

अखेर सापडलं! माडीवर घेवड्याच्या ट्रेंवर लावलेला कॅमेरा वरून फोटो काढतो आणि प्रोग्राम त्यातलं पानांचं क्षेत्रफळ मोजून आलेख काढतो. त्या आलेखात रोज रात्री खड्डा पडायचा. तीन आठवडे ज्या खड्ड्यानं छळलं, तो प्रोग्रामचा दोष नव्हताच.

तिसऱ्या ट्रेमधलं दोन नंबरचं रोप दुपारी ३४ चौरस सेंटिमीटर भरायचं, रात्री अकराला १३ आणि सकाळी परत ३३. रोज तेच.

पहिला संशय ऑटो व्हाइट बॅलन्सवर, म्हणजे कॅमेरा आपणहून रंग जुळवतो त्यावर. तो बंद करून लाल-निळ्याचे गेन (तो रंग किती वाढवायचा ते आकडे) कायम केले. एक्स्पोजर (एका फोटोसाठी प्रकाश घेण्याची वेळ) १० मिलिसेकंदांवर बांधलं. वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे दिव्याच्या लुकलुकीचे पट्टे त्यानं जातात. पट्टे गेले, खड्डा तसाच. मग ओत्सू काढून टाकलं, म्हणजे पान कुठलं आणि मागचा भाग कुठला हे ठरवणारा सीमेचा आकडा (थ्रेशोल्ड) फोटोवरूनच आपोआप काढणारी पद्धत. एकट्या फोटोसाठी ती पद्धत झकास, पण टाइमलॅप्सला (ठरावीक वेळानं काढलेल्या फोटोंच्या मालिकेला) वापरूच नये असं माझं ठाम मत झालंय. प्रत्येक फ्रेमचा थ्रेशोल्ड वेगळा ठरतो, मग दोन फ्रेमची तुलना करायची कशी? एक्सेस ग्रीनवर (हिरव्याची दुप्पट वजा लाल वजा निळा) एकच ठरलेला थ्रेशोल्ड लावला. आलेख गुळगुळीत झाला. खड्डा जागेवर.

शेवटी हिरव्या कार्डशीटची ४ सेंटिमीटर व्यासाची चकती कापून पानांच्या उंचीवर काडीला टोचली. तिचं क्षेत्रफळ १२.५७ यायला हवं. दिवसा १२.६ आलं. रात्री? १२.५! तो आकडा बघून खुर्चीत बसवेना. कॅमेरा, दिवा, मास्क (प्रोग्रामनं पान म्हणून निवडलेला भाग), सगळं बरोबर मोजत होतं. बदलत होतं ते रोपच.

त्याच रात्री एक वाजता टॉर्च घेऊन माडीवर गेलो. बाहेर बेळगावजवळच्या येळ्ळूरची आषाढातली झड लागलेली. घेवड्याची जोडपानं देठापासून खाली लोंबत होती, दोन्ही पाती खोडाला जवळजवळ टेकलेली. वरून कॅमेऱ्याला फक्त त्यांच्या कडा दिसत होत्या. पात्याच्या बुडाशी फुगीर सांधा असतो. त्याच्या वरच्या आणि खालच्या पेशींत पाणी कमी-जास्त झालं की पान उचलतं किंवा पडतं. १७२९ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ द मेरान यांनी लाजाळूचं रोप अंधारात ठेवूनही पानांची ही उघडझाप चालूच राहते हे नोंदवलं होतं. मी मात्र तीन आठवडे मास्कच बघत बसलो, मूळ फोटो मोठा करून पाहिलाच नाही. तुमच्याही आलेखात असा खड्डा असेल, तर आधी चकती लावा.

आता वाढ काढायची ती रोज दुपारी बाराच्याच फ्रेमवरून. आधीच्या दोन ट्रेंचा डेटा तसा चाळला, तर वाढीची रेषा इतकी स्वच्छ आली की आईला बोलावून दाखवली.

दुसरी दुरुस्ती लहान, पण समाधान मोठं. करंट गेला की रास्पबेरी पाय (कॅमेरा चालवणारा छोटा संगणक) बंद पडायचा आणि राउटरही, त्यामुळे इंटरनेटवरून वेळ मिळायची नाही. परत आल्यावर घड्याळ जुन्याच वेळेपासून चालू व्हायचं आणि आलेखात खोटी उडी दिसायची. करंट नसतानाही स्वतःच्या बॅटरीवर चालणारं डीएस३२३१ घड्याळ मॉड्यूल बसवलं. पहिलं ऑनलाइन मागवलेलं मुळात बंदच आलं; दुसरं बेळगावातल्या दुकानात समोर लावून बघून आणलं. असले सुटे भाग मी आता तिथूनच घेणार.

पुढचा बेत साइड कॅमेऱ्याचा होता. पण हे लिहितानाच सुचलं, दुसरा कॅमेरा कशाला? ट्रेच्या कडेला ४५ अंशांत आरसा उभा केला तर एकाच फ्रेममध्ये वरून आणि बाजूनं, दोन्ही दिसेल. पानाचा कोनही मोजता येईल. मग खड्डा पुसायचा तरी का? त्यावरून पानं किती वाजता मिटायला लागतात तेच मोजतो. रात्री दर दहा मिनिटांनी पांढरा दिवा लावणं बंद करावं लागेल, नाहीतर रोपाची लयच बिघडायची. ९४० नॅनोमीटरचे इन्फ्रारेड दिवे आणि नोआयआर कॅमेरा (इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर नसलेला) लागेल. तिथे एक्सेस ग्रीन निकामी. पान नुसतं पांढरं उजळ दिसणार. खाली काळं कापड घालायचं, पण कितीतरी काळी कापडं इन्फ्रारेडमध्ये उजळच दिसतात, म्हणून आधी चार-पाच तुकडे कॅमेऱ्याखाली धरून बघतो.

घेवडा रात्रीच भिजत घातलाय.