गुत्तेवाल्याचं नाणं

सुट्टे नसले की आपला दुकानदार हातावर चॉकलेट ठेवतो. सतराव्या शतकातला लंडनचा गुत्तेवाला त्याच्याही पुढचा. तो सरळ स्वतःचं नाणंच पाडून घ्यायचा!

त्याचा तरी काय इलाज? १६०४ च्या कायद्याप्रमाणे उत्तम बिअरचा क्वार्ट, म्हणजे दोन पाइंट, एका पेनीला द्यायचा. मग अर्धा पाइंट पिणाऱ्याने द्यायचं काय? पाव पेनी, म्हणजे फार्दिंग. चांदीत तो पाडला तर बोटांतून निसटेल इतका बारीक. तांब्याचे फार्दिंग पाडायचा मक्ता राजाने १६१३ मध्ये एका सरदाराला दिला होता, पण यादवी युद्धात तेही बंद पडले. मग १६४८ च्या सुमारापासून गुत्तेवाले, वाणी, बेकरीवाले, सगळ्यांनीच पितळेची आणि तांब्याची टोकनं काढली. पुढच्या पंचवीसेक वर्षांत त्यांचे हजारो प्रकार निघाले.

टोकनावर मालकाचं नाव, गल्लीचं नाव आणि पाटीवरचं चित्र: रानडुकराचं डोकं, द्राक्षांचा घोस, तुर्काचं मुंडकं. वाचता न येणाऱ्यालाही कळावं कुठे परत करायचं. स्पेलिंगचा मात्र आनंदीआनंद.

मला यातली सर्वांत आवडते ती तीन अक्षरं. वर आडनावाचं आद्याक्षर, खाली नवऱ्याचं आणि शेजारी बायकोचं. गल्ल्यावर बहुधा तीच बसत असणार, तेव्हा तिचं अक्षर असणं हे सौजन्य कमी आणि व्यवहार जास्त! राजाचा शिक्का नाही, सरकारची हमी नाही. हमी एवढीच की हे जोडपं उद्याही याच कोपऱ्यावर बिअर ओतत असेल. चार गल्ल्या ओलांडल्या की ते टोकन कोण घेणार? आणि १६६६ च्या आगीत लंडन जळालं तेव्हा गुत्त्यासकट हमीही गेली. खिशातल्या त्या पितळेचं लोकांनी काय केलं असेल, देव जाणे.

शेवटी १६७२ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने टोकनांवर बंदी घातली आणि तांब्याचे सरकारी फार्दिंग काढले. एका बाजूला स्वतः, दुसऱ्या बाजूला ब्रिटानिया, म्हणजे स्त्रीरूपातलं ब्रिटन. या ब्रिटानियाचा चेहरा दरबारातल्या फ्रान्सेस स्टुअर्ट या सुंदरीचा, असं सांगतात. राजा तिच्यामागे पुरता वेडा झाला होता आणि तिने त्याला दाद दिली नव्हती. राणीला काही त्या नाण्यावर जागा मिळाली नाही. गुत्तेवाल्याची बायको तेवढी नशीबवान.